पगार, पॉइंट आणि रविवारची सुट्टी

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कुणाच्या तरी पर्समधून कॅटलॉग बाहेर येतो. फेसवॉश, डिशवॉश, लिपस्टिक, प्रोटीन पावडर. भाजीची वाटावाटी चालू असतानाच दोन ऑर्डरी वहीत उतरतात आणि ‘पैसे काय, एक तारखेला द्या’ असं विकणारीच आपणहून सांगते. बँक असो, शाळा असो की आयटी पार्क, हे दृश्य आता कुणाला नवं वाटत नाही. पगारात भागत नाही, घराचा हप्ता वाढलेला आहे, मुलांच्या क्लासची फी आहे. मग नोकरी सांभाळून घरून करता येणारा, भांडवल फारसं न लागणारा धंदा म्हणून थेट विक्रीकडे पाहिलं जातं. ‘रोज फक्त दोन तास द्या,’ असं जोडून घेणारा सांगतो.

दोन तास बहुतेकांना काढता येतात. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. थेट विक्री या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन धंदे चालतात. एक, माल घेऊन गिऱ्हाइकाला विकणं. दुसरा, माणसं जोडून त्यांच्या विक्रीवर कमिशन मिळवणं. पहिला नोकरीशेजारी सुखाने नांदू शकतो. दुसऱ्याचं नोकरीशी पटत नाही, आणि त्याची कारणं त्या धंद्याच्या रचनेतच आहेत.

दुपारच्या वेळेसाठी बेतलेला धंदा

घरगुती विक्रीचा आजचा साचा अमेरिकेत तयार झाला. अर्ल टपर यांचे प्लॅस्टिकचे डबे १९४६ मध्ये बाजारात आले, पण दुकानात ते पडून राहत. झाकण दाबून हवा कशी काढायची, हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. ब्राउनी वाइज या विक्रेतीने घरोघरी बायकांना जमवून ते दाखवायला सुरुवात केली आणि विक्री इतकी वाढली की १९५१ मध्ये कंपनीने दुकानातून माल काढून घेतला. विकणारीही बरीचशी गृहिणीच आणि घेणारीही. दुपारची उसंत आणि शेजारपाजारची ओळख हेच विकणारीचं भांडवल होतं.

आपल्याकडे १९८२ पासून युरेका फोर्ब्सचे विक्रेते व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारोदार फिरत होते, पण तो त्यांचा पूर्णवेळचा व्यवसाय होता. उदारीकरणानंतर १९९५ मध्ये ओरिफ्लेम, पुढच्या वर्षी टपरवेअर आणि एव्हॉन, १९९८ मध्ये अॅमवे अशा कंपन्या आल्या आणि हा साचा भिशीत, किटी पार्टीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवात मिसळून गेला. वाण घ्यायला आलेल्या बायकांना डबे दाखवणं यात कुणाला वावगं वाटलं नाही.

आज विकणारी दिवसभर ऑफिसात असते आणि तिचं गिऱ्हाईकही. दुपारची उसंत दोघींकडे उरलेली नाही. म्हणून धंदा जेवणाच्या सुट्टीत, व्हॉट्सअॅप स्टेटसवर आणि रात्री नऊनंतरच्या फोनवर सरकला. या उरल्यासुरल्या वेळात काय बसेल आणि काय बसणार नाही, ते हिशेब मांडल्यावर दिसतं.

हिशेब तासाचा करा

या धंद्यात बहुतेक जण महिन्याला किती आले ते सांगतात. तासाला किती पडले ते कुणी सांगत नाही. एक साधं उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यात राहून फोर्टला नोकरी करणारी एक बाई महिन्याला छापील किमतीने १२,००० रुपयांचा माल विकते आणि तिला २० टक्के सुटतात. हाती आले २,४०० रुपये. रिक्षा, सॅम्पल, पिशव्या, कुरिअर यांचे ६०० वजा केले की १,८०० उरतात. ऑर्डर घेणं, माल आणणं, पोचवणं, उधारी वसूल करणं याला आठवड्याचे सहा तास धरले, तर महिन्याचे साधारण पंचवीस होतात. म्हणजे तासाला ७२ रुपये पडले. फार नाहीत, पण घरच्या किराण्याला हातभार लागतो.

आता महिनाअखेर येते. जिने या धंद्यात जोडून घेतलं, त्या वरच्या ताईंचा फोन येतो, ‘अगं, थोडेच पॉइंट कमी पडतायत, तूच काहीतरी घेऊन टाक ना!’ खरेदीवर मिळणारे पॉइंट भरावेत म्हणून हजार रुपयांचा माल स्वतःच्या नावावर निघतो. तो सगळाच न विकता पडून राहिला, तर तासाचा दर ३२ रुपयांवर येतो. त्यात एक रविवार सेमिनारला गेला, तिकीट आणि प्रवासाचे ५०० गेले, आठ तास वाढले, की उरतात ३०० रुपये आणि लागलेले तास तेहतीस. तासाला नऊ रुपये!

घरातला दिवाण उघडून पाहिला की हा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो. गाद्यांखाली रचलेल्या टूथपेस्टी, दोन महिन्यांत मुदत संपणारे पावडरचे डबे, गेल्या वर्षीच्या छटेच्या लिपस्टिका. त्यातलं घरात खरोखर लागणारं सामान घरखर्चातून वजा धरायला हरकत नाही. पण पॉइंटसाठी घेतलेली सातवी टूथपेस्ट ही बचत नसते, ती अडकलेली पगाराची रक्कम असते.

साखळीला सुट्टी नसते

विक्रीची एक चांगली बाजू अशी की ती आवरती घेता येते. मार्चअखेरीला ऑफिसात काम वाढलं, मुलाची दहावी आली, तर दोन महिने ऑर्डर घ्यायच्या नाहीत. गिऱ्हाईक थांबतं किंवा दुकानातून घेतं.

साखळीत असं थांबता येत नाही. तिथलं उत्पन्न खाली जोडलेल्यांच्या हालचालीवर असतं आणि ते हलते राहावेत म्हणून तुम्हाला रोज त्यांच्या मागे लागावं लागतं. सकाळी ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग लीडर्स’, रात्री झूमवर ट्रेनिंग, महिनाअखेरीला टार्गेट, रविवारी हॉलवर मीटिंग. नोकरीतही टार्गेट, इथेही टार्गेट, आणि दोन्ही महिनाअखेरीलाच. खालचे दोघे सुटले की पुन्हा नवे दोघे शोधायचे. सुरुवातीचे ‘दोन तास’ इथे वितळतात.

शिवाय गणितही आड येतं. प्रत्येकाने सहा जण जोडायचे ठरवलं, तर पहिल्या पायरीला ६, दुसरीला ३६, सहावीला ४६,६५६ आणि अकराव्या पायरीला ३६ कोटींच्या वर माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. त्यामुळे उशिरा आलेल्या नोकरदाराला जोडायला उरतात ते त्याच्याच टेबलाशेजारचे सहकारी. आधी ते गिऱ्हाईक असतात, मग ‘प्रॉस्पेक्ट’ होतात, आणि काही महिन्यांनी कॅन्टीनमध्ये त्याला पाहून टेबल बदलतात.

यातला सगळ्यात नाजूक भाग हाताखालच्यांचा. साहेबांनीच कॅटलॉग पुढे केला, तर शिपाई नाही कसं म्हणणार? मुख्याध्यापिकेने पावडरचा डबा दाखवला, तर नव्याने लागलेली शिक्षिका तो घेतेच. अशी विक्री विक्रेत्याला यश वाटते, पण ती खुर्चीने केलेली असते.

नियम काय सांगतात

पहिला प्रश्न नोकरीच्या अटींचा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे राज्य सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. मग धंदा पत्नीच्या नावावर घालायची युक्ती सुचवली जाते. पण घरच्या माणसाच्या व्यवसायासाठी कर्मचाऱ्याने स्वतः ऑर्डरी गोळा करणं हेही नियमात बसत नाही. खासगी कंपनीत नेमणूकपत्रातलं ‘अन्य व्यवसाय’ हे कलम वाचावं आणि मुभा मिळाली तर ती लेखी घ्यावी.

दुसरा प्रश्न कंपनीचा. केंद्राने सप्टेंबर २०१६ मध्ये थेट विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियमच लागू केले. त्यानुसार पिरॅमिड योजना आणि पैसा फिरवण्याच्या योजना चालवता येत नाहीत. विक्रेत्याशी लेखी करार लागतो. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकतो, हे सुरुवातीलाच सांगायचं. म्हणजे ‘चहाला या, एक छान संधी आहे’ म्हणून बोलावून पडद्यावर स्लाइड दाखवणं या नियमांच्या भावनेत बसत नाही. नोंदणीचे म्हणून पैसे मागितले किंवा केवळ माणूस आणल्याबद्दल पैसे कबूल केले, तर तिथूनच परत फिरावं. अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे.

तिसरा प्रश्न स्टेटसचा. ‘शुगर कायमची बरी’, ‘कॅन्सरवर रामबाण’ असे मजकूर वरून येतात आणि आपण पुढे ढकलतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. मजकूर तुमच्या नंबरवरून गेला की ‘वरच्या ताईंनी पाठवला’ हे उत्तर कामाला येत नाही.

आयकर खात्याला सगळं दिसतं

कमिशन कंपनीकडून तुमच्या पॅनवर नोंदवलं जातं. वर्षाला ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की त्यावर टीडीएस कापला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून हा दर दोन टक्के आहे. बक्षीस म्हणून मिळालेली बँकॉकची सहल किंवा टॅबही फुकट नसतो. जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजार रुपयांवरच्या अशा लाभांवर दहा टक्के टीडीएस लागतो आणि त्याची किंमत उत्पन्नात धरली जाते. पगारदारांचं ‘सहज’ विवरणपत्र इथे चालत नाही. ठोकळ नफा दाखवून सुटायची सोयही कमिशनच्या उत्पन्नाला नाही, त्यामुळे जमाखर्चाची वही हवी. आणखी एक गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते. पगारदाराला दरवर्षी जुनी की नवी करप्रणाली हे निवडता येतं. व्यवसायाचं उत्पन्न आलं की नव्यातून बाहेर पडल्यावर परत येण्याची संधी एकदाच मिळते. महिना हजार-दीड हजारांसाठी हे ओझं पेलायचं का, हे आधी ठरवलेलं बरं.

घडी कशी बसते

ज्यांची घडी बसते, त्यांच्या काही सवयी सारख्या असतात. त्या माल साठवत नाहीत, ऑर्डर आली की मागवतात. उधारी देत नाहीत. यूपीआयचं खातं वेगळं ठेवतात, म्हणजे पगार आणि धंदा एकमेकांत मिसळत नाही. पोचवण्याचे दिवस ठरलेले असतात, आठवड्यातले दोनच. गिऱ्हाईक शक्यतो सोसायटीतलं आणि ओळखीतलं, ऑफिसातलं कमी, हाताखालचं कुणीच नाही. एकदा विचारायचं, ‘नको’ म्हटलं की विषय संपला. आणि वस्तू त्याच, ज्या कमिशन नसतं तरी त्यांनी स्वतः विकत घेतल्या असत्या.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या थांबायचा आकडा आधी ठरवतात. सहा महिने वहीत खर्च आणि तास दोन्ही लिहायचे. तासाचा दर ठरवलेल्या आकड्याखाली राहिला, तर करार वाचून, विकण्याजोगा माल कंपनीला परत करून मोकळं व्हायचं. हा आकडा नवरा-बायकोने मिळून आणि पहिल्या ऑर्डरच्या आधी ठरवावा. कारण एकदा साखळीत शिरलं की थांबायचं केव्हा हे ठरवायला वरची ताई हजर असते, आणि तुमच्या थांबण्यात तिचं नुकसान असतं.