जैतापूर अणुवीज प्रकल्प
रत्नागिरी जिल्ह्यातील (महाराष्ट्र राज्य) माडबन येथे नियोजित प्रकल्प. प्रत्येकी १,६५० मेगॅवॉटच्या सहा अणुभट्ट्यांपैकी पहिल्या दोहोंसाठी अरेवा या फ्रेंच कंपनीशी ६ डिसेंबर २०१० रोजी प्राथमिक करार झाला. त्याच वर्षीच्या अणुहानी-दायित्व कायद्याने संचालकाचे दायित्व १,५०० कोटी रुपयांपर्यंत मर्यादित केले. मात्र सदोष सामग्रीमुळे अपघात घडल्यास भरपाई पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क त्यास दिला. या तरतुदीस देशी-परदेशी उद्योगांनी विरोध केला. २०११ च्या नियमांनी वसुलीस करारमूल्याची व मुदतीची सीमा घालण्याची सोय केली. २०१५ मध्ये १,५०० कोटी रुपयांचा संयुक्त विमानिधी स्थापन झाला आणि २०२५ च्या नव्या कायद्याने ती तरतूदच वगळली. परिणामी सदोष सामग्रीची जोखीम मुख्यतः संचालक, विमा व शासन यांच्याकडे सरकली.