‘रिकामीच आहे’ म्हणण्याआधी

बोल्ट-ॲक्शन रायफल आपल्याला चित्रपटातून माहीत असते. बोल्ट-ॲक्शन शॉटगन, म्हणजे तसाच बोल्ट पण नळी आतून गुळगुळीत, छऱ्यांसाठी केलेली, हा प्रकार फारसा कुणी पाहिलेला नसतो. अमेरिकेत मॉसबर्ग, मार्लिन आणि सॅव्हेज या कंपन्यांनी अशा बंदुका बनवल्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत उरलेल्या माउझर रायफलींच्या नळ्या आतून तासून ‘गेहा’ नावाच्या छऱ्याच्या बंदुका तयार झाल्या. आपल्याकडे हाच उद्योग बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने केला. ३०३ ली-एनफिल्डची नळी मोठी आणि गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला, आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी ४१० मस्केट पोलिसांच्या आणि पहारेकऱ्यांच्या हाती दिली. पल्ला कमी, मारा कमी, त्यामुळे गर्दीपुढे उभ्या असलेल्या शिपायासाठी ती योग्य मानली गेली. देशातल्या पोलीस दलांच्या शस्त्रागारांत ती कित्येक दशकं होती.

या मस्केटमध्ये एक धोका दडलेला आहे, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं म्हणजे काय, हे मला त्यातून सगळ्यात नीट समजावून सांगता येतं. ४१०चं काडतूस ३०३च्याच पितळी नळकांड्यावरून घडवलेलं होतं, फक्त पुढची निमुळती मान सरळ केलेली. त्यामुळे मस्केटच्या चेंबरमध्ये ३०३चं काडतूसही बसतं. बोल्टही बंद होतो. चाप ओढला की बारही उडतो. पण ती गोळी त्या रुंद नळीत सैल असते, नळकांडं पुढून फाटू शकतं आणि गॅस मागे येऊ शकतो. काडतूस बसलं, बोल्ट मिटला, म्हणजे सगळं जुळलं असं होत नाही. नळीवर काय कोरलंय आणि काडतुसाच्या बुडावर काय छापलंय, हे दोन्ही वाचल्याशिवाय हात पुढे जाता कामा नये.

काडतुसाच्या बुडावरचा हा छाप पुणेकरांना जवळचा असायला हवा. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. तिथल्या लष्करी काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं असत, म्हणजे किर्की फॅक्टरी. जगभरचे जुन्या काडतुसांचे संग्राहक ही दोन अक्षरं ओळखतात. परवानाधारकांना मिळणारी १२ बोरची ‘शक्तिमान’ काडतुसंही याच कारखान्याची. १ ऑक्टोबर २०२१पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. पाषाणला शस्त्रसंशोधनाची ‘एआरडीई’ आहे. दारूगोळा घडवणारं आणि शस्त्रांचा अभ्यास करणारं हे शहर आहे. त्याच शहरात कमरेचं पिस्तूल दाखवत रील काढणारी मुलं वाढावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बोल्टकडे येऊ. मूठ वर उचलली की बोल्टचे दात खाचेतून सुटतात. मागे ओढली की एक्स्ट्रॅक्टर काडतुसाची कड पकडून ते बाहेर ओढतो. पुढे ढकलली की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जातं, आणि खाली दाबली की दात पुन्हा अडकून नळीचं मागचं तोंड बंद होतं. माउझरच्या जातीत स्ट्रायकरची स्प्रिंग बोल्ट उघडताना ताणली जाते, ली-एनफिल्डमध्ये तो पुढे ढकलताना. एकंदरीत बोल्ट उघडून पुन्हा मिटला, की बंदूक बाराला तयार आहे असंच धरायचं. सेफ्टी कॅच लावलेला असला तरी. तो कॅच म्हणजे धातूचा एक छोटा तुकडा. झिजतो, कचऱ्याने अडतो, आपटल्यावर सरकतो. नळीचं तोंड कुठे आहे, याची जबाबदारी तो घेत नाही.

बंदूक रिकामी करताना होणारी चूक नेहमी एकच असते, आणि ती क्रमाची असते. मॅगझिन तसंच ठेवून माणूस बोल्ट मागे ओढतो, एक काडतूस टपकन बाहेर पडतं, त्याला समाधान वाटतं आणि तो बोल्ट पुढे ढकलतो. त्या ढकलण्यातच मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये गेलेलं असतं. ‘रिकामी’ बंदुकीने झालेल्या अपघातांमागे हा क्रम पुन्हा पुन्हा सापडतो. म्हणून आधी नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. मग मॅगझिन काढायचं. ते न निघणारं असेल तर बोल्ट उघडून ते पूर्ण रिकामं होईपर्यंत एकेक काडतूस बाहेर घ्यायचं. त्यानंतर बोल्ट पूर्ण मागे. आणि मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. दुसऱ्याच्या हाती देताना बोल्ट उघडाच ठेवायचा, आणि घेणाऱ्याने देणाऱ्यावर विश्वास न ठेवता पुन्हा पाहायचं. यात कुणी कुणाचा अपमान करत नाही. एनसीसीत .२२ची बोल्ट-ॲक्शन रायफल हाताळलेल्या मुलामुलींना ही सवय पहिल्या दिवसापासून लावली जाते. प्रत्येक सरावानंतर शस्त्र तपासून घेतल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. परवाना मिळवणाऱ्या कित्येक प्रौढांना ती सवय कधीच कुणी लावलेली नसते.

काडतुसांची सरमिसळ हा छऱ्याच्या बंदुकीतला दुसरा मोठा धोका. १२ बोरच्या नळीत २० बोरचं काडतूस टाकलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही, पुढे घसरून नळीत अडकतं. मागून पाहणाऱ्याला चेंबर मोकळं दिसतं. त्याने १२चं काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटते, आणि ती फुटते डाव्या हाताखाली. यासाठीच कारखाने २० बोरचं काडतूस पिवळं ठेवतात. खिशात दोन्ही जातीची काडतुसं एकत्र असूच नयेत. जुन्या ६५ मिलिमीटर चेंबरच्या बंदुकीत ७० मिलिमीटरचं काडतूस भरणं हाही असाच घातक प्रकार: भरलेलं काडतूस आखूड असल्यामुळे बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

बार उडाला नाही तर? बोल्ट ताबडतोब उघडायचा नाही. दारू कधी कधी उशिराने पेटते. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबायचं. आणि बार उडाला पण आवाज ‘फुस्स’ झाला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर थांबायचंच. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. आत डाट अडकलेला असेल तर पुढचा बार नळी फाडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे जास्त घडतं. मुळशी-भोरकडे चार महिने दमट हवा असते. जुनी कागदी काडतुसं फुगून चेंबरमध्ये रुततात, पितळी बुडावर हिरवट चढतं. बोल्टमध्ये तेल ओतून ठेवलेलं असेल तर ते घट्ट होऊन स्ट्रायकर सुस्तावतो. तेलाचा हात पुसटच फिरवायचा, आणि बार काढण्याआधी नळी व चेंबर कोरडे करायचे.

छऱ्यांच्या पल्ल्याबद्दलही गैरसमज खूप आहेत. पक्ष्यासाठीच्या बारीक छऱ्यांचा मारा ३५-४० मीटरपर्यंत परिणामकारक, म्हणून त्यापलीकडे धोका नाही असं लोक समजतात. तेच छरे दोनशे मीटरपर्यंत जाऊन डोळा घालवू शकतात. एकसंध शिशाची गोळी भरलेलं काडतूस असेल तर ती किलोमीटरच्या वर जाते. रानडुकराच्या मागे धावणाऱ्या शेतकऱ्याला उसाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नसतं, आणि जे दिसत नाही त्याच्या दिशेने बार काढायचा नसतो. बांध ओलांडताना बंदूक रिकामी करून, बोल्ट उघडून आधी पलीकडे ठेवायची, मग आपण जायचं.

बोल्ट-ॲक्शनची एक खुबी मात्र घरात फार उपयोगाची आहे: सबंध बोल्ट काढता येतो. बोल्टशिवायची बंदूक म्हणजे लाकूड आणि नळी. बंदूक लोखंडी कपाटात, बोल्ट दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसरीकडे. दोन बंदुका असतील तर बोल्टवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळवूनच परत बसवायचा, कारण दुसऱ्या बंदुकीच्या बोल्टने चेंबर नीट मिटेलच असं नाही. खंडेनवमीला शस्त्रं पूजेला मांडताना तरी हे नक्की करावं. हळदीकुंकू दस्त्याला वाहावं, चेंबरमध्ये आणि चापाच्या खोबणीत जाऊ देऊ नये. आणि घरातली पोरं फोटोसाठी हात लावण्याआधी बोल्ट बाहेर असावा.

शिस्त कशी दिसते ते पाहायचं असेल तर बालेवाडीला जावं. नेमबाजीच्या रेंजवर चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घातल्याशिवाय शस्त्र नुसतं ठेवताही येत नाही. पुढे माणूस गेला असेल तर मागे कुणी शस्त्राला हात लावत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याच बालेवाडीत घडला. मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनिसाची नोकरी आणि बाकी वेळ रेंज. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत त्याने ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याची रायफल बोल्ट-ॲक्शनच. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारलेल्या प्रत्येक गोळीसाठी त्याने बोल्ट हाताने उघडला आणि मिटवला, तोही पंचांनी सुरुवातीचा हुकूम दिल्यावरच. आपण कौतुक नेमाचं करतो. मला त्या आज्ञापालनाचंही तितकंच कौतुक वाटतं.

२६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर जुन्या बोल्टच्या रायफली घेऊन उभ्या राहिलेल्या शिपायांबद्दल तेव्हा बरंच लिहिलं गेलं. दोष बोल्टवर ढकलला गेला. शस्त्र जुनं होतं हे खरंच. पण त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने सरावाच्या आणि सरावासाठीच्या दारूगोळ्याच्या तुटवड्याकडेही बोट दाखवलं होतं, आणि मला तो दोष जास्त मोठा वाटतो. हातातल्या शस्त्राची ज्याला सवय नाही, त्याच्याकडे नवं शस्त्र दिल्याने तो सुरक्षित होत नाही, त्याच्या शेजारचाही होत नाही.

कायदा याबाबत मागे नाही. शस्त्र अधिनियम १९५९चा. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, आणि वरातीत किंवा जल्लोषात बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याआधी, २०१६च्या शस्त्र नियमांनी शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षिततेचं प्रशिक्षण घातलं: हाताळणी, बार काढण्याची रीत, निगा, साठवण, ने-आण. हे प्रशिक्षण प्रमाणपत्राच्या कागदापुरतं उरू नये. शहरात परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. दोन्ही ठिकाणी अर्जदाराच्या हाती रिकामं शस्त्र आणि डमी काडतुसं देऊन ‘भरा, आता रिकामं करून दाखवा’ एवढीच परीक्षा घेतली, तरी कोण मॅगझिन काढण्याआधी बोल्ट ओढतो ते पाच मिनिटांत कळेल.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या जुन्या घरांसाठी. आजोबा वारतात, वाडा पुनर्विकासाला जातो, आणि कपाटामागे गुंडाळलेली बारा बोर सापडते. सोबत डबाभर काडतुसं, परवाना केव्हाचा संपलेला. ती उघडून पाहायची नाही, चाप दाबून तर मुळीच नाही. नळीच्या तोंडासमोरून सगळ्यांना बाजूला करायचं आणि पोलीस ठाण्याला कळवायचं. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला ते शस्त्र ठेवता येत नाही. ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला नियमाप्रमाणे स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज करायचा असेल तर आधी ते शस्त्र जमा करून पावती घ्यावी, जाणकाराकडून नळी आणि चेंबर तपासून घ्यावं, आणि डब्यातली जुनी काडतुसं त्यात कधीही भरू नयेत.