बोलता बोलता थकणारा आवाज

मुलाचा आवाज बसला की घराघरांतून काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. कुणी म्हणते, थंड पाणी प्यायला असेल. कुणी म्हणते, जत्रेत ओरडला असेल. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी, रात्री हळद घातलेले दूध असे उपाय होतात. चार-आठ दिवसांत आवाज मोकळा होतो आणि गोष्ट विसरली जाते. बहुतेक वेळा यात चूक काहीच नसते.

पण वाचकहो, एक आवाज याहून निराळा असतो. मूल सकाळी उठते तेव्हा तो खणखणीत असतो. शाळेत धडा वाचायला उभे केले की पहिल्या चार ओळी स्पष्ट येतात. पुढे आवाज हळूहळू नाकात शिरतो, गेंगाणा होतो, शब्द एकमेकांत मिसळतात आणि शेवटी नुसती कुजबुज उरते. ताप नसतो, घसा दुखत नाही. थोडा वेळ गप्प बसले की आवाज पुन्हा परत येतो. गुरुजींना वाटते, पोरगे आळशी आहे. घरच्यांना वाटते, नाटक करते. खेळताना तर बरे ओरडत होते, असा टोमणाही त्याला ऐकावा लागतो.

हे नाटक नसते. आराम केल्यावर परत येणारा आणि वापरल्यावर थकणारा आवाज ही एका दुर्मिळ आजाराची खूण असू शकते. त्या आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. मुलांत तो क्वचितच आढळतो. पण वेळीच ओळखला तर त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ओळखला नाही तर एखाद्या दिवशी श्वासावर बेतते. म्हणून शेतकरी कुटुंबातील प्रत्येक आईबापाने त्याची माहिती ठेवावी.

आवाज थकतो म्हणजे काय?

आवाज केवळ घशातून येत नाही. छातीचे स्नायू वारा पुरवतात. स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू त्या वाऱ्याने थरथरतात. टाळूचा मागचा मऊ भाग, जिथे पडजीभ लोंबते, तो वर उचलून नाकाची वाट बंद करतो. मग जीभ, ओठ आणि जबडा मिळून शब्द घडवतात. ही सारी कामे स्नायूंची आहेत आणि स्नायूंना हुकूम मज्जातंतूंकडून येतो.

मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. हुकूम आला की तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते. स्नायूवर ते झेलणाऱ्या जागा असतात. द्रव्य तेथे पोहोचले की स्नायू आखडतो. मायस्थेनियात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून या झेलणाऱ्या जागांवरच हल्ला करते. त्यामुळे पुष्कळ जागा निकामी होतात आणि जेमतेम काम भागेल एवढ्याच उरतात.

उन्हाळ्यातली विहीर आठवा. रात्रभर झऱ्याचे पाणी साचते, सकाळी मोटर सुरू केली की जोरात धार पडते. तासाभरात पाणी तुटते आणि मोटर हवा ओढू लागते. मोटर बिघडलेली नसते, पाइपही फुटलेला नसतो. दोन तास थांबले की पुन्हा पाणी साचते. या मुलांच्या स्नायूंचे असेच असते.

हे गाऱ्हाणे जुने आहे. इंग्लंडमधील थॉमस विलिस या वैद्याने १६७२ साली एका बाईची हकीकत लिहून ठेवली. ती बराच वेळ बोलली की तिची वाचाच जायची आणि तास-दोन तासांनी परत यायची. त्यावर खरा उतारा सापडायला १९३४ साल उजाडले. लंडनमधील ग्रीनिच येथील रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी फायसोस्टिग्मीन हे औषध टोचून रोग्याच्या स्नायूंना ताकद परत येते हे दाखवून दिले. १९७३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मण्यारीच्या जातीतील एका सापाच्या विषाचा उपयोग करून या रोग्यांच्या स्नायूंवरील झेलणाऱ्या जागा मोजल्या. त्या फार कमी झालेल्या आढळल्या. तेव्हा रोगाचे मूळ कोठे आहे ते कळले.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने दुसऱ्या भावंडाला होत नाही.

घरी काय पाहावे?

या आजारात आवाज एकदा ऐकून काही कळत नाही. मूल सकाळी दहाला दवाखान्यात ताजेतवाने पोहोचते, डॉक्टर दोन वाक्ये बोलायला लावतात आणि सर्व ठीक दिसते. म्हणून खरी पारख घरी, दिवसभरात होते. पुढील गोष्टी आठवडाभर पाहा आणि वहीत वेळेसह लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, मुलाला मोठ्याने एक ते शंभर अंक म्हणायला लावा. आवाज कोणत्या अंकापासून बदलला ते लिहा. मग पंधरा मिनिटे गप्प बसवून पुन्हा म्हणायला लावा. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा हे करा.

दुसरी गोष्ट, एका दमात किती अंक म्हणता येतात ते मोजा. दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका. त्याची कालच्या त्याच्याशीच तुलना करा. रोज आकडा उतरत असेल तर छातीचे स्नायू थकत आहेत असे समजावे आणि डॉक्टरांना गाठावे.

तिसरी गोष्ट, एका दमात 'आ' किती वेळ लांबवता येतो ते घड्याळावर पाहा. निरोगी शाळकरी मूल साधारणपणे दहा सेकंद किंवा थोडे अधिक टिकवते.

चौथी गोष्ट टाळूची. टाळू नीट उचलला गेला नाही की वारा नाकातून सुटतो आणि 'बाबा' म्हटलेले 'मामा'सारखे ऐकू येते. छोटा आरसा नाकपुड्यांखाली धरून मुलाला 'बाबा', 'काका', 'पापड' असे शब्द म्हणायला लावा. आरशावर वाफ आली तर वारा नाकातून जात आहे. शब्द संपताच आरसा काढून घ्या, नाहीतर नुसत्या श्वासानेही वाफ येते. 'म' आणि 'न' असलेले शब्द यासाठी घेऊ नका, कारण ते बोलताना निरोगी माणसाचाही वारा नाकातून जातो.

पाचवी गोष्ट, आवाजाचे सोबती पाहा. मुलांत या आजाराची सुरुवात बहुधा डोळ्यांपासून होते. एक किंवा दोन्ही पापण्या संध्याकाळी खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात. भाकरी चावता चावता जबडा थकतो. पाणी पिताना ठसका लागतो किंवा पाणी नाकातून येते. हसताना ओठ नीट फाकत नाहीत. केस विंचरताना हात खाली येतात.

आजकाल घरोघरी मोबाइल आहे, त्याचा येथे चांगला उपयोग होतो. सकाळचे वाचन आणि संध्याकाळचे वाचन, धडा तोच ठेवून, चेहरा दिसेल असे चित्रित करून ठेवा. असे चित्रण डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

ही पारख म्हणजे रोगाचे निदान नव्हे. डॉक्टरांना खरी हकीकत सांगता यावी एवढ्यासाठीच ती आहे. मूल दमले की थांबा, सारखी परीक्षा घेत बसू नका. मुळातच धाप लागत असेल तर या चाचण्या करूच नका.

एकाएकी आवाज गेला तर थांबू नका

वर सांगितलेला आजार बहुधा दिवसांनी, आठवड्यांनी दिसू लागतो. पण रात्री चांगले झोपलेले मूल पहाटे पापण्या उघडेना, गेंगाणे बोलू लागले, थुंकी गिळेना, तर आधी मण्यारीचा संशय घ्या. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, दातांची खूणही पुष्कळदा दिसत नाही. काहींना आधी पोटात दुखते. तिचे विष याच मज्जातंतू आणि स्नायूंमधील फटीवर काम करते. नागाच्या विषानेही असेच होते. मांत्रिकाकडे एक क्षणही न घालवता १०८ ला फोन करा आणि सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात मूल न्या.

दुसरा संशय घटसर्पाचा. घसा बरा झाल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन आठवड्यांनी आवाज नाकात जातो, दूध नाकातून येते. लसीकरण अपुरे राहिलेल्या मुलांत याचा विचार आधी करावा लागतो. म्हणून लहानपणीचे तीन डोस झाले एवढ्यावर थांबू नका. दीड वर्षाच्या सुमारास, पाच-सहा वर्षांचे असताना, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यायचे डोसही चुकवू नका.

तान्ह्या बाळाचे रडणे जन्मापासून क्षीण असेल, अंगावर पिताना ते दमत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आईला मायस्थेनिया असेल तर काही बाळांना जन्मतः असा अशक्तपणा येतो आणि काही आठवड्यांत जातो. काही बाळांत मात्र हा दोष आनुवंशिक असतो. नात्यातल्या नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याचा संभव वाढतो.

रुग्णालयात काय तपासतात?

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि तेथून चिठ्ठी घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. त्यांनाही वही दाखवावी.

कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू आणि टाळू हलताना पाहतात. वाचा-उपचारतज्ज्ञ मुलाला बराच वेळ वाचायला लावून आधीचा आणि नंतरचा आवाज तपासतात. घोगरेपणा, श्वास सुटणे, अशक्तपणा अशा प्रत्येक दोषाला शून्य ते तीन असे गुण देण्याची पद्धत आहे. वाचा आणि श्रवण या विषयांसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करते.

मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर पडलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून ती उघडते का पाहतात. मज्जातंतूला पुन्हा पुन्हा सौम्य विजेचा झटका देऊन स्नायूचा प्रतिसाद घटत जातो का ते मोजतात. रक्तातही तपास होतो. पण लहान मुलांत रक्ताचा तपास निर्दोष आला तरी आजार नाहीच असे म्हणता येत नाही. श्वासाची ताकद मोजणे सर्वांत महत्त्वाचे. या आजारात मूल धापा टाकत नाही, नुसते गप्प होत जाते. बोटाला लावायच्या यंत्रातील आकडाही उशिरापर्यंत चांगला दिसू शकतो.

औषध आणि फवारणी

पायरिडोस्टिग्मीनच्या गोळीने अर्ध्या-पाऊण तासात जोर येऊ लागतो आणि तो तीन-चार तास टिकतो. म्हणून जेवण आणि वाचन त्या वेळेत बसवावे. काहींना पुढे रोगप्रतिकारक शक्ती आवरणारी औषधे लागतात, काहींची छातीतील थायमस ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात. गोळी मनाने वाढवू नये, मनाने बंदही करू नये.

शेतकरी बंधूंनी येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही गोळी शरीरातील ज्या द्रव्याला रोखते, त्याच द्रव्याला क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके रोखतात. गोळीचे प्रमाण डॉक्टरांनी मोजून दिलेले असते, फवाऱ्याचे कुणीच मोजत नाही. गोळी घेणाऱ्या मुलाला फवारणीच्या शेतात नेऊ नका, पंप आणि फवारणीचे कपडे त्याच्या हाती लागू देऊ नका. लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब आणि त्यासोबत अशक्तपणा दिसला की तडक रुग्णालय गाठा.

तसेच जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मलेरियावरील क्विनीन आणि शिरेतून द्यायचे मॅग्नेशियम यांनी हा आजार बळावू शकतो. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आजाराचे नाव आधी सांगा. ते एका कागदावर लिहून मुलाच्या दप्तरात ठेवा.

शाळेत आणि घरी

गुरुजींना भेटून समजावून सांगा. या मुलाचे वाचन पहिल्या तासाला घ्यावे, कविता तोंडी म्हणायची तर मध्ये थांबू द्यावे, उत्तर लिहून दिले तरी चालावे. घरी त्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलायला लावू नका. आवाज कमावण्यासाठी जोरजोराने ओरडण्याचा सराव तर मुळीच नको. त्याने स्नायू बळकट होत नाहीत, थकतात.

आणि ही लक्षणे घरातील प्रत्येकाला पाठ असू द्या: स्वतःची थुंकी गिळता न येणे, एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागणे, खोकल्यात जोर नसणे, मान न सावरणे. यांपैकी एक जरी दिसले तरी ती रात्र घरी काढू नये. १०८ ची गाडी बोलवावी.

मुलाचा आवाज सकाळी कसा होता आणि संध्याकाळी कसा आहे, हे तुमच्याइतके कुणालाच कळत नाही. ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.