पाण्याच्या पायरीवर ठरणारा शेतसारा

ऊन रणरणतंय, पावसाचा टिपूस नाही आणि नदी मात्र रोज चढत चाललेली! प्राचीन इजिप्तमध्ये दर उन्हाळ्यात हे घडायचं. पाऊस पडायचा तो दूर दक्षिणेला, इथिओपियाच्या पठारावर, आपल्याकडे मृग ते हस्त बरसतात त्याच दिवसांत. तिथला गाळ घेऊन निळी नाईल वाळवंटाकडे धावायची. इजिप्तच्या लोकांची समजूत वेगळी होती. त्यांच्या मते पूर म्हणजे हापी देवाची कृपा आणि तो राहायचा अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटाखालच्या गुहेत.

पण ही माणसं देवाची कृपासुद्धा मोजून घेणारी! त्याच बेटावर नदीत उतरणारा दगडी जिना आजही आहे. त्याच्या भिंतीवर हातांची मापं कोरलेली आहेत. एक हात सुमारे ५२ सेंटिमीटरचा, त्याची बोटं २८. पाणी कुठल्या खुणेला टेकलं यावरून किती शेतं भिजणार, पीक किती येणार आणि सारा किती बसवायचा, याचा अंदाज बांधला जाई. 'पालेर्मो शिला' नावाच्या प्राचीन दगडावर तर राजांच्या कारकिर्दीतल्या वर्षावर्षाची पुराची उंची कोरलेली आहे, तीही बोटापर्यंत हिशेब लावून. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे दप्तर पाहून कुठल्याही तलाठ्याने हात जोडावेत.

पाणी कमी पडलं की उपासमार. (१८७७ साली दख्खनमध्ये दुष्काळ होता, तेव्हा नाईलचा पूरही फारच तोकडा आला होता.) जास्त झालं तरी पंचाईत: बांध फुटायचे, मातीची घरं विरघळायची, पेरणी लांबायची.

दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरलं की ओल्या चिखलात बी फेकायचं आणि वरून मेंढ्या हाकायच्या. त्यांच्या खुरांनी बी आपसूक आत दाबलं जाई. पीक मुख्यतः जवाचं आणि सांगली-साताऱ्यात आजही घेतात त्या खपली गव्हाचं. नाणी नव्हतीच, त्यामुळे सारा धान्यात आणि मजुरीही धान्यात. हे धान्य होड्यांतून जाई. उत्तरेला जायचं तर प्रवाह नेई, दक्षिणेला परतताना उत्तरेचा वारा शिडात भरे.

अस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. वीज आली, बारमाही पाणी आलं. गाळ मात्र धरणामागेच अडतो आणि इजिप्तचा शेतकरी आता खत विकत आणतो.