मोतीबिंदूचा हिशेब

नेत्रतज्ज्ञ पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने यांचं गाव माकेगाव लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातलं. मोतीबिंदू काढला की दिसतं, हे या भागात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. घरात चर्चा होते ती वेगळी: साधं ऑपरेशन करायचं की फेको? आणि फेको जर चांगलं, तर सरकार सगळ्यांना तेच का देत नाही?

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानं २०१७ च्या सुमारास उपचारांचं मूल्यमापन करणारी 'एचटीएइन' ही यंत्रणा उभी केली, तेव्हा तिच्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासांत हाच प्रश्न होता. अशा मूल्यमापनात औषध, यंत्र किंवा शस्त्रक्रिया यांची आधीच्या उपचाराशी तुलना होते: जादा खर्च किती आणि त्यातून जादा आयुष्य किती, कशा अवस्थेतलं? ठणठणीत तब्येतीतलं एक वर्ष म्हणजे एक 'क्वाली'. धूसर नजरेनं, दुसऱ्याचा हात धरून काढलेलं वर्ष त्याहून कमी भरतं. ब्रिटनमध्ये 'नाइस' ही संस्था १९९९ पासून असा हिशेब मांडते. तिथं बरीच वर्षं एका क्वालीमागे वीस ते तीस हजार पौंड ही मर्यादा धरली जात होती.

आता ऑपरेशन. फेकोत तीनेक मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडी होणारी लेन्स बसवतात. साध्या, बिनटाक्याच्या पद्धतीत छेद सहाएक मिलिमीटरचा, लेन्स कडक, महागडं यंत्र नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर दोन्हींची तुलना केली. निष्कर्ष २००५ साली छापून आले. निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून वाचता येणारी ओळ सहा मीटरवरून वाचता येते का, ही कसोटी. सहा आठवड्यांनी, बिनचष्म्याचं, फेकोवाले ८१ टक्के पास झाले, साधे ७१ टक्के. योग्य चष्मा लावल्यावर? दोन्हीकडे ९८.४ टक्के. त्याच रुग्णालयाच्या हिशेबात साध्या ऑपरेशनचा सरासरी खर्च ७२० रुपयांच्या आसपास होता, फेकोचा जवळपास दोन हजार.

एचटीएइननंही खर्च, मनुष्यबळ आणि सोयी पाहून कडक लेन्सच्या साध्या ऑपरेशनचीच शिफारस केली. मला ती पटते. त्याच पैशात जास्त डोळे उघडतात, आणि तालुक्याच्या गावी मोतीबिंदू पिकवत बसलेल्या माणसाला रांगेत पुढं सरकणं जास्त मोलाचं आहे.

पण हा सगळा हिशेब चष्म्यावर उभा आहे. दहा टक्क्यांची दरी तोच भरून काढतो. ऑपरेशन होतं, डोळ्यावरची पट्टी निघते, हिरवा कपडा बांधून म्हातारी गावी येते. सहा आठवड्यांनी नंबर काढायला पुन्हा लातूर गाठायचं तर सोबत कुणीतरी लागतं, आणि ऐन सोयाबीनच्या काढणीत पोराचा रोज बुडतो. भारतातल्या मूल्यमापनाची पद्धत रुग्णाच्या खिशातून जाणारा खर्चही मोजायला सांगते, ही तिची फार चांगली बाजू. मग अंमलबजावणीतही तो मोजावा. नंबर रेणापूरच्या ग्रामीण रुग्णालयातच तपासला जावा, चष्मा तिथंच फुकट मिळावा, आणि तो हातात पडेपर्यंत सरकारी नोंदीत ते ऑपरेशन पूर्ण झालं असं धरू नये.