दहावीचा निकाल आणि नवे शिक्षक : टक्केवारी कशी वाचावी?

कर्नाटकातील एस.एस.एल.सी. अर्थात दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९ मे रोजी आणि २०२५ मध्ये २ मे रोजी लागला. त्यानंतर तीन-चार आठवड्यांतच शाळा उघडतात व रिकाम्या जागांवर नवे शिक्षक रुजू होऊ लागतात. या दोन गोष्टी दिनदर्शिकेत इतक्या जवळ असल्यामुळे संस्थाचालकांच्या मनात त्यांची सांगड सहज बसते. निकाल घसरला तर जुन्या शिक्षकांना बोल लावला जातो. पुढच्या वर्षी तो वधारला की त्याचे श्रेय नव्या शिक्षकांना मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील उर्दू व मराठी माध्यमाच्या शाळांचा विचार करता हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. तो कोठे चुकतो, हे महाविद्यालयीन अध्यापकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण याच शाळांतून आलेले विद्यार्थी पी.यू.च्या पहिल्या वर्षात त्यांच्यासमोर बसतात आणि संस्थेच्या निवड समितीवरही अनेकदा तेच असतात.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत 'निकाल' हा परीक्षेचाही असतो आणि कोर्टाचाही. शिवाय एखादे प्रकरण 'निकालात काढणे' म्हणजे ते कायमचे मिटवणे. उर्दूतील 'नतीजा' या शब्दाला मात्र परिणाम, फलित असा अर्थ आहे, म्हणजे आधी काहीतरी घडलेले असते आणि त्यातून हे निघते. शाळेच्या टक्केवारीकडे पाहताना दुसरा अर्थ अधिक उपयोगी पडतो.

आता राज्याचे आकडे पाहू. एस.एस.एल.सी.चा निकाल २०१९ मध्ये ७३.७० टक्के, २०२० मध्ये ७१.८० टक्के होता. २०२१ मध्ये करोनामुळे केवळ बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली आणि जवळजवळ सर्वच विद्यार्थी उत्तीर्ण झाले. २०२२ मध्ये ८५.६३, २०२३ मध्ये ८३.८९, २०२४ मध्ये ७३.४० आणि २०२५ मध्ये ६२.३४ टक्के अशी ही उतरण आहे. एवढ्यावरून २०२२ चे शिक्षक उत्तम आणि २०२५ चे शिक्षक निकामी, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो हास्यास्पद ठरेल. बदलले ते मोजमाप. करोनाकाळापासून कृपांकांची १० टक्क्यांपर्यंतची सवलत चालत आली होती. २०२४ मध्ये परीक्षागृहांत कॅमेरे लावून थेट देखरेख ठेवली गेली. कॉपीला आळा बसला आणि निकाल इतका कोसळू लागला की कृपांकांची मर्यादा त्या वर्षापुरती २० टक्क्यांवर न्यावी लागली. ही सवलत नसती तर निकाल ५४ टक्क्यांच्या आसपास थांबला असता, असे त्या वेळी सांगण्यात आले. २०२५ मध्ये देखरेख राहिली, वाढीव कृपांक गेले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तीर्णतेची अटच ३५ वरून ३३ टक्क्यांवर आणण्याचा, म्हणजे ६२५ पैकी २०६ गुणांचा, निर्णय जाहीर झाला. दर एक-दोन वर्षांनी पट्टीच बदलत असेल, तर शाळेच्या दोन वर्षांच्या टक्केवारीची थेट तुलना करून शिक्षकांचे मूल्यमापन करता येत नाही. तुलना करायचीच असेल तर त्याच वर्षाच्या जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या सरासरीशी करावी. २०२५ मध्ये दक्षिण कन्नड जिल्हा ९१.१२ टक्क्यांवर आणि कलबुर्गी ४२.४३ टक्क्यांवर होता, एवढे पाहिले तरी राज्याची सरासरी किती कमी सांगते ते ध्यानी येईल.

त्याच २०२५ च्या निकालात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. वर्तमानपत्रांत दोन टक्केवाऱ्या छापून आल्या, ६६.१४ आणि ६२.३४. पहिली टक्केवारी शाळेतून प्रथमच बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांची : ७,९०,८९० पैकी ५,२३,०७५ उत्तीर्ण. दुसरी सर्व परीक्षार्थींची : ८,४२,१७३ पैकी ५,२४,९८४. एक वजाबाकी केली की उरतात ५१,२८३ परीक्षार्थी, म्हणजे पुन्हा बसलेले आणि बाहेरून बसलेले. त्यांच्यापैकी उत्तीर्ण झाले १,९०९, चार टक्क्यांहूनही कमी. पहिल्या फेरीत जो निसटला, त्याला पुन्हा वर येणे किती कठीण आहे, हे या एका वजाबाकीत दिसते. मुलगा असेल तर तो गॅरेजात किंवा दुकानात कामाला लागतो. मुलगी असेल तर घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून शिक्षक जूनमध्ये मिळाला की सप्टेंबरमध्ये, हा प्रश्न केवळ कार्यालयीन राहत नाही.

आता एका शाळेपुरते पाहू. उर्दू माध्यमाच्या अनेक शाळांत दहावीचा वर्ग लहान असतो. समजा, चाळीस विद्यार्थी बसले. तर एका विद्यार्थ्याचे मोल अडीच टक्के झाले. चार मुले गणितात राहिली की निकाल दहा टक्क्यांनी उतरतो. त्या चौघांपैकी एकाला त्या आठवड्यात ताप असेल, दुसऱ्याच्या घरी मयत झाली असेल. एवढ्या लहान संख्येत एका वर्षाच्या चढउताराला अर्थ नसतो. निदान तीन वर्षांची बेरीज करून पाहावे लागते.

याहून महत्त्वाचा आहे तो गाळणीचा प्रश्न. कर्नाटकात माध्यमिक शाळा आठवीपासून दहावीपर्यंत. समजा, आठवीत साठ मुले दाखल झाली, दहावीला पंचेचाळीस बसली आणि छत्तीस उत्तीर्ण झाली. शाळेच्या फलकावर ८० टक्के निकाल लिहिला जाईल आणि तो खोटाही नसेल. पण आठवीत आलेल्या साठांपैकी दहावी पार केली ती ६० टक्क्यांनी. उरलेली पंधरा मुले नववीत नापास झाली, शाळा सोडून गेली किंवा 'निकाल बिघडवतील' म्हणून त्यांना बाहेरून बसण्याचा सल्ला मिळाला. शंभर टक्के निकालाचा सत्कार करण्यापूर्वी आठवीचा हजेरीपट मागून पाहण्याची प्रथा संस्थांत पडली, तर काही सत्कार रद्द करावे लागतील.

नव्या शिक्षकाचे स्थान या हिशेबात कोठे येते? जूनमध्ये रुजू झालेल्या गणित-शिक्षकाकडे दहावी दिली, तर त्याच्या हाती सुमारे नऊ महिने येतात. समोरच्या मुलाला ऋण संख्यांची बेरीज सातवी-आठवीत पक्की झालेली नसेल, तर वर्गसमीकरण कोणत्या पायावर उभे करणार? मग उरतो तो एकच मार्ग, ज्याला शाळांत 'पासिंग पॅकेज' म्हणतात : हमखास येणारे प्रश्न निवडून तेवढेच घोटून घेणे. बुडत्या मुलाला काठावर आणण्याचे काम हे पॅकेज करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेच संपूर्ण शिक्षण झाले, तर मूल उत्तीर्ण होते आणि पी.यू.त गेल्यावर पहिल्याच महिन्यात अडते. महाविद्यालयात 'या मुलांचा पायाच नाही' असे म्हटले जाते, ते याच मुलांविषयी. तेव्हा नव्या शिक्षकाचे काम जोखायचे असेल, तर त्याला आठवी देऊन तोच वर्ग दहावीपर्यंत त्याच्याकडे ठेवावा आणि तिसऱ्या वर्षाचा निकाल त्याच्या नावावर मांडावा. प्रत्यक्षात उलट घडते. अनुभवी शिक्षक दहावीला जुंपले जातात, आणि आठवी ज्याच्या वाट्याला येते तो बहुधा अतिथी शिक्षक असतो.

अतिथी शिक्षक ही व्यवस्था तात्पुरती म्हणून आली आणि कायमची होऊन बसली. त्यांची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते व मानधन तुटपुंजे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यात महिन्याला २,००० रुपयांची वाढ झाली. अनुदानित खासगी शाळांत वेगळाच प्रकार आहे. शिक्षक निवृत्त झाला की ती जागा आपोआप भरली जात नाही, शासनाची परवानगी येईपर्यंत संस्था स्वतःच्या पैशातून कोणाला तरी उभे करते. मुलाला आठवी, नववी, दहावीत एकाच विषयाचे तीन निरनिराळे शिक्षक भेटण्याचे कारण हे आहे. तिघेही मनापासून शिकवणारे असतील. पण तिसऱ्याला पहिल्याने काय सोडले हे ठाऊक नसते.

उर्दू माध्यमात या अडचणीला भाषेचे एक अंग आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. मराठीतून शिकलेला शिक्षक कन्नड माध्यमाच्या गणिताकडे वळला तर परिभाषा त्याला फारशी परकी वाटत नाही. त्रिकोणाला तेथे 'त्रिभुज' म्हणतात, कोन हा कोनच राहतो, वर्गमूळही ओळखू येते, कारण दोन्ही भाषांनी संस्कृताकडून उसने घेतले आहे. उर्दूची गणिती परिभाषा अरबीतून आली. तेथे त्रिकोण 'मुसल्लस', चौरस 'मुरब्बा', कोन 'झाविया' आणि अपूर्णांक 'कसर'. घरी दखनी बोलणाऱ्या मुलालाही हे शब्द शाळेतच प्रथम भेटतात. उर्दू माध्यमाचा बी.एड. झालेला गणिताचा उमेदवार न मिळाल्यामुळे शाळा कन्नड, मराठी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या शिक्षकाला घेते. तो विषयात पारंगत असतो, फळ्यावर आकृती नेमकी काढतो आणि तोंडाने 'ट्रँगल' म्हणतो. मूल ते समजते. पण परीक्षेत प्रश्नपत्रिका उर्दूतून येते आणि तिच्यात छापलेले असते 'मुसल्लस'. याउलट, उर्दूतून उत्तम शिकलेले मूल पी.यू. विज्ञानाला जाते तेव्हा तेथील अध्यापक 'अँगल' म्हणतो आणि ते 'झाविया' शोधत बसते. दोन्ही वेळा गुण कमी पडतात ते गणितात, अडलेले असते शब्दांत. यावरील उपाय खर्चिक नाही. आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानातील दोनशे-अडीचशे संज्ञांची उर्दू, इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशी चौपदरी यादी करून ती नव्या शिक्षकाला रुजू होण्याच्या दिवशीच द्यावी. हे काम महाविद्यालयाच्या उर्दू व मराठी विभागांनी अंगावर घ्यावे; शाळेतील शिक्षकाला त्यासाठी सवड नसते.

उमेदवार का मिळत नाहीत, याचे एक कारण आरक्षणाच्या बिंदुनामावलीत आहे. उर्दू माध्यमाच्या ज्या सरकारी जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असतात, त्यांना उर्दूतून शिकलेले पात्र उमेदवार क्वचितच लाभतात आणि जागा रिकाम्या राहतात. ही तक्रार तेलंगणात व महाराष्ट्रातही जुनी आहे. आरक्षणाला दोष देऊन ती सुटणार नाही. अशा जागांचे माध्यमनिहाय नियोजन हा प्रशासनाचा प्रश्न आहे.

अल्पसंख्याक संस्थांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार शिक्षक निवडण्याचा अधिकार आहे, पण तो अमर्याद नाही. ६ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील अनुदानित मदरशांसाठीचा सेवा आयोग वैध ठरवला. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे अशा शिक्षकांनी दोन वर्षांत टी.ई.टी. उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. अल्पसंख्याक शाळांना ही अट लागू होते की नाही, हा मुद्दा मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवला. टी.ई.टी. पहिली ते आठवीच्या अध्यापनासाठी असल्याने नववी-दहावीचा शिक्षक तिच्या कक्षेत येत नाही, मात्र आठवीचा वर्ग हायस्कुलातच असल्याने तो मुद्दा संस्थांना टाळता येणार नाही. अधिकार शाबूत राहील की नाही हे न्यायालय ठरवील. नातेवाईक पाहून जागा देणाऱ्या संस्थेला मात्र तो अधिकार मिळूनही त्याचा उपयोग नाही. निवड समितीने मुलाखतीबरोबर आठवीच्या वर्गावर एक तास पाठ घ्यायला लावला, तर उमेदवाराची पदवी आणि शिकवणे यांतील अंतर तेथेच दिसते.

शेवटी वेळापत्रकाची एक विसंगती. २०२४ आणि २०२५ मध्ये कर्नाटकात दहावीची परीक्षा वर्षातून तीनदा झाली. २०२५ मध्ये पहिल्या परीक्षेचा निकाल २ मे रोजी लागला, दुसरी परीक्षा २६ मे रोजी आणि तिसरी २३ जून रोजी सुरू झाली. नापास मुलांसाठी हे आठवडे फार मोलाचे. पण अतिथी शिक्षकाची मुदत तोवर संपलेली असते व नव्या वर्षाच्या नेमणुका अद्याप व्हायच्या असतात. त्या मुलाला गणित शिकवणारा माणूसच शाळेत नसतो. संस्थेने अशा दोन-तीन विषयांच्या अतिथी शिक्षकांना मे आणि जूनचे मानधन स्वतःच्या निधीतून दिले, तर खर्च एका सत्कारसमारंभाहून अधिक होणार नाही, आणि पी.यू.चे वर्ग सुट्टीत रिकामे असतात, ते या मुलांसाठी उघडून देता येतात.