जुन्या मोटारीतला रेडिओ मुका झाला? आधी मुळाशी जा!

शेतकरी बंधूंनो, वडिलोपार्जित जमिनीबरोबर कित्येक घरांत एखादी जुनी अँबॅसडर किंवा फियाटही वारसाने आलेली असते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, फियाटचे तर त्याच्याही आधी. अशा गाडीतला मूळचा रेडिओ बोलेनासा झाला की मेकॅनिक सहज सांगतो, “दादा, हा डबा काढून टाका, नवा प्लेअर बसवून देतो.” पण नव्यासाठी डॅशबोर्डचा पत्रा एकदा कापला की तो पुन्हा जुळत नाही, आणि भंगारात गेलेला संच परत मिळत नाही. म्हणून पत्र्याला करवत लावण्याआधी थोडी तपासणी घरीच करावी.

पीक पिवळे पडले म्हणून आपण डोळे झाकून युरिया टाकत नाही. पाणी साचले का, मुळ्या कुजल्या का, हे आधी पाहतो. रेडिओलाही तोच नियम लावावा. नाहीतर दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत व्हायची.

स्टेशन तरी चालू आहे का?

जुने मोटार-रेडिओ बहुधा मध्यमलहरींचे, म्हणजे सुमारे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचे. त्यांवर एफएम लागत नाही. अलीकडच्या काळात आकाशवाणीची कित्येक मध्यमलहरी प्रक्षेपणे बंद झाली आहेत. तेव्हा घरचा साधा ट्रान्झिस्टर गाडीजवळ उघड्यावर नेऊन मध्यमलहरींवर लावून पाहावा. त्यावरही काही लागत नसेल, तर गाडीच्या रेडिओला दोष देण्यात अर्थ नाही.

वीज पोचते का?

डायलचा दिवा लागत नसेल तर फ्यूज पाहावा. तो बहुधा रेडिओकडे जाणाऱ्या वायरीतच छोट्या नळीत असतो. १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडाव्यात. एक टोक गाडीच्या बॉडीच्या उघड्या पत्र्याला, दुसरे फ्यूजच्या आधी आणि मग नंतर लावावे. आधी बल्ब पेटतो आणि नंतर पेटत नाही, तर फ्यूज गेला असे समजावे. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवू नये. वायर तापून जळते आणि गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी गाडी कडब्यासकट पेटायला वेळ लागत नाही. नवा फ्यूजही लगेच उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. शेडमधल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधावी. डॅशबोर्डमागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडावी.

बॅटरीची दिशा

१९५० च्या दशकातल्या इंग्लिश धर्तीच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. नंतर ऋण टोक बॉडीला जोडण्याची पद्धत रूढ झाली. बॅटरी बदलताना कोणी उलटी जोडणी केली, तर ट्रान्झिस्टरचा संच क्षणात जळू शकतो. रेडिओवरचे लेबल वाचूनच जोडणी करावी.

दिवा लागतो, आवाज नाही

आता स्पीकर पाहावा. रेडिओ बंद करून स्पीकरच्या वायरी सोडाव्यात आणि बॅटरीच्या एका सेलची टोके त्याला क्षणभर टेकवावीत. ‘टक्’ असा आवाज आला तर त्याची गुंडाळी शाबूत आहे. कागद फाटला असेल तर आवाज फाटका येतो. स्पीकर सुटलेला असताना रेडिओ चालू करू नये. जुन्या संचाचे शेवटचे ट्रान्झिस्टर त्याने जाऊ शकतात.

नुसती खरखर येते, स्टेशन येत नाही

असे झाले तर संशय एरियलवर. त्याचा प्लग रेडिओतून काढावा. सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊन पाहावे: एरियलच्या काडीपासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत बल्ब पेटला पाहिजे, आणि काडी व बॉडी यांच्यामध्ये तो पेटता कामा नये. बुडाशी पाणी मुरून गंज चढला की हे गणित बिघडते. एरियलची वायर टीव्हीच्या केबलसारखी दिसली तरी वेगळी असते. ती केबल चालत नाही. एरियल बदलल्यावर १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण स्टेशन लावून संचावरचा एरियलचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवावा आणि आवाज सर्वांत मोठा होईल तिथे सोडावा.

इंजिन चालू केले की कटकट

इंजिनच्या वेगाबरोबर ‘टिकटिक’ वाढली तर ती स्पार्क प्लगच्या ठिणगीची. शिट्टीसारखा सूर चढला तर तो डायनॅमोचा. एरियल काढून पाहावे. आवाज थांबला तर तो हवेतून येतो, नाही थांबला तर वायरीतून. प्लगच्या वायरींना सप्रेसर आणि कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टोकाला कंडेन्सर लावला की पुष्कळ फरक पडतो. डायनॅमोच्या फील्डच्या टोकाला मात्र कंडेन्सर कधीही लावू नये.

इथे थांबावे

रेडिओ सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटाने बोलू लागत असेल आणि आतून गुणगुण येत असेल, तर तो व्हॉल्व्हचा संच. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी त्याच्या आत दोनशेच्या आसपास व्होल्ट तयार होतात आणि बंद केल्यावरही काही वेळ टिकतात. तो उघडू नये, मुलांनाही हात लावू देऊ नये. जुना जाणता रेडिओ-दुरुस्तीवाला गाठावा. काय तपासले आणि काय आढळले, हे कागदावर लिहून त्याला द्यावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या संचात पुष्कळदा कंडेन्सर सुकलेले असतात. ते बदलले की संच पुन्हा बोलू शकतो. आपल्या भागात मध्यमलहरी उरल्याच नसतील, तर त्याच संचाला मोबाइलची वायर जोडून घेता येते. वडिलांनी फिरवलेली बटणे जागच्या जागी राहतात आणि बाजारभाव व हवामानाच्या बातम्या त्याच स्पीकरवर ऐकता येतात.